थंडी पडली तर गूळ

कडोदऱ्यात थंडीची वाट बघणारे लोक थोडे. साड्यांच्या डाइंग-प्रिंटिंगची प्रोसेस हाउसं, त्यांची धुराडी, मुंबई–अहमदाबाद महामार्गाला सुरत–बारडोली रस्ता जिथं छेदतो तो चार रस्ता आणि तिथली न संपणारी ट्रकांची रांग. डिसेंबर आला तर पंखा एका आकड्यानं कमी होतो, एवढाच फरक. मी अशाच एका प्रोसेस हाउसमध्ये बॉयलर अटेंडंट होतो. नंदुरबारकडची निम्मी माणसं पोटापाण्यासाठी तापी लाइनची गाडी पकडून इकडे आली, त्यांतला एक. बॉयलरसमोर आयुष्य काढलेल्या माणसाला थंडीचं सोयरसुतक नसतं. निवृत्त झाल्यावर मात्र मी रोज सकाळी थर्मामीटर बघायला लागलो. त्याला कारण चलथाणच्या अंगाला, उसाच्या बांधावर खजुरीची झाडं राखून असलेला एक नीरावाला.

इथं जिला खजुरी म्हणतात ती आपली शिंदी. खान्देशात नाल्याकाठी आपोआप उगवते, तिच्या पात्यांचे फडे करून बायका अंगण झाडतात, आणि तिच्या रसाबद्दल घरात कोणी बोलत नाही, कारण तो रस म्हणजे ताडीच अशी सगळ्यांची खात्री असते. ती खात्री अर्धीच खरी आहे. रात्री झाडातून ठिबकणारा रस पहाटे नीरा असतो, निखळ गोड. ऊन चढलं की तो आंबतो आणि दुपारपर्यंत ताडी होतो. म्हणजे एकाच मडक्यात पहाटे पौष्टिक पेय आणि दुपारी गुन्हा. निदान गुजरातेत तरी.

माझा भाचा कॅनडात ऑन्टॅरिओत असतो. गेल्या खेपेला त्यानं मेपल सिरपची बाटली आणली. चव घेतली आणि पहिला शब्द निघाला तो ‘काकवी’. पण उसाची नव्हे, खजुरीच्या काकवीत जो धुरकट, किंचित भाजल्यासारखा वास असतो, त्याच्या जवळचा. मग त्याला विचारून, वाचून, मी त्या मेपलचा हिशेब लावला. कॅनडातल्या लहान मेपलवाल्याचं आणि आमच्या या नीरावाल्याचं दुखणं मला एकच दिसलं: दोघांचाही धंदा रात्रीच्या तापमानावर चालतो, आणि रात्र हल्ली कोणाचं ऐकत नाही.

आधी मेपलचं सांगतो. शुगर मेपल हे थंड प्रदेशातलं मोठं झाड. खोडाचा व्यास फूटभर झाला की त्याला बोटाएवढ्या रुंदीचं, दीड-दोन इंच खोल भोक पाडतात, त्यात तोटी ठोकतात आणि खाली बादली टांगतात किंवा नळी जोडतात. हा खेळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा. रात्री पारा शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर, अशी काही आठवड्यांची उघडझाप लागते. रात्री लाकडाच्या पेशींत बर्फ धरतो, आतली हवा आकसते आणि झाड मुळांतून पाणी ओढून घेतं. दिवसा बर्फ सुटतो, आत दाब तयार होतो आणि भोकातून रस बाहेर येतो. मी उभा जन्म प्रेशर गेज बघितलंय. झाडही नुसत्या गारठ्याच्या जोरावर दाब धरतं, हे वाचून मला त्या झाडाबद्दल आदर वाटला. रात्री गोठणं थांबलं की रस थांबतो. कळ्या फुटायला लागल्या की रसाला नको ती चव येते आणि हंगाम संपतो. २०१२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात अचानक उन्हाळ्यासारखी गर्मी पडली आणि व्हर्माँटसारख्या राज्यांतल्या मेपलवाल्यांचा हंगाम ऐन भरात आवरला.

खजुरीचं तंत्र निराळं. शेंड्याजवळच्या एका बाजूच्या फांद्या उतरवतात, उघडं पडलेलं कोवळं खोड कोयत्यानं तासून गुळगुळीत करतात, तासलेल्या भागाच्या खालच्या टोकाला बांबूची किंवा बरूची पन्हळ बसवतात आणि तिच्याखाली मडकं बांधतात. इथं गोठण्या-वितळण्याच्या दाबाचा खेळ नाही. पानांनी दिवसा तयार केलेली साखर ज्या वाहिन्यांतून झाडभर फिरते, त्या वाहिन्याच आपण कापतो. मेपलचा रस लाकडातल्या पाणवाहिन्यांतून येतो, म्हणून तो पाण्यासारखा पातळ, साखर साधारण दोन टक्के. खजुरीचा रस अन्नवाहिन्यांतला, त्यात साखर दहा-बारा टक्क्यांपर्यंत. कापलेली तोंडं दिवसभरात बुजतात, म्हणून रोज संध्याकाळी त्यावरून पातळ पापुद्रा पुन्हा काढावा लागतो. सारं कसब त्या पापुद्र्यात. जाड निघाला तर झाड जखमी, पातळ निघाला तर मडकं कोरडं. तीन रात्री काप घ्यायचा आणि मग चार-पाच दिवस झाडाला सोडायचं, ही आमच्या नीरावाल्याची शिस्त. विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीची नीरा सगळ्यांत गोड. ती तो शक्यतो विकत नाही, काहिलीत घालतो.

मेपलची जखम झाड स्वतः भरून काढतं, वर नवं लाकूड चढतं. खजुरीला ते जमत नाही. तिचं खोड रुंदीत वाढत नाही, त्यामुळे झालेली जखम कायमची. म्हणून एका वर्षी एका बाजूला काप घेतात आणि पुढच्या वर्षी समोरच्या. झाड उंच होत जातं आणि खोडावर डावी-उजवीकडे खाचा राहतात. खाचा मोजा, किती वर्षं झाडानं रस दिला ते कळतं. इतकी चोख सर्व्हिस बुक मी कुठल्या मशीनची पाहिली नाही.

आता थंडी. मेपलला थंडी लागते ती रस निघण्यासाठी. खजुरीला लागते ती मुख्यतः निघालेला रस टिकण्यासाठी. तिथं थंडी रस काढते, इथं थंडी रस राखते. हवेत, मडक्यात, कोयत्यावर जंगली यीस्ट आणि जिवाणू असतातच. ते रसातली साखर फोडतात. आपली नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, फुटली की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. हे दोघंही गोडच, पण त्यांचा दाणा सहज धरत नाही. अशा रसाचा गूळ कितीही आटवा, ढेप बसत नाही. चिकट, काळपट गोळा हाती येतो. बारा-तेरा अंशांच्या रात्री हे जंतू आळसावतात. वीस-बावीस अंशांच्या रात्री ते ओव्हरटाइम करतात. त्यांना आवर घालायला मडक्याला आतून चुन्याचा हात देतात. चुना आंबटपणा मारतो, पण किती लावायचा याला मोजमाप नाही. जास्त झाला तर नीरा तुरट लागते, आटवताना खाली गाळ बसतो.

गंमत अशी की मेपलमध्येही हेच घडतं. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी असतं आणि शेवटचं गडद. हवा तापत जाते तसे जिवाणू वाढतात, साखर फुटते आणि फुटलेली साखर काहिलीत लवकर करपते. तिकडे त्या गडद मालालाही वेगळी प्रत म्हणून गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे काळा गूळ म्हटलं की दुकानदार नाक मुरडतो.

हिवाळा बेभरवशाचा झालाय हे सांगायला मला आकडेशास्त्र लागत नाही. इथल्या माणसाला तारखा आठवतात. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ सुरतेच्या किनाऱ्याकडे येऊन विरलं आणि ऐन हंगामात पाऊस झाला. २०२१ च्या डिसेंबरची सुरुवात अवकाळी पावसानं झाली. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गुजरातभर विजा कोसळल्या, माणसं गेली. आणि त्याच वर्षीचा फेब्रुवारी दिवसाच्या कमाल तापमानात देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत गरम फेब्रुवारी ठरला होता. खजुरीचा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याच्या दोन्ही टोकांना असा मार बसला तर मधे उरतं काय? पावसात कापावर पाणी ओघळतं, रस पातळ होतो, खोड निसरडं होतं. ढगाळ हवेत रात्र उबदार राहते, आणि तेही पावसाइतकंच वाईट, फक्त दिसत नाही.

त्यामुळे धंद्यातला खरा निर्णय पहाटे होत नाही, तो संध्याकाळी होतो. चारच्या सुमारास नीरावाला बांधावर उभा राहतो, वाऱ्याची दिशा बघतो. उत्तरेकडचा कोरडा वारा असला तर कमरेला कोयता. समुद्राकडचा दमट असला तर तो माझ्याकडे बघून म्हणतो, “काका, आजे नथी बांधवुं.” मोबाइलवर हवामानाचा अंदाज त्याच्याकडेही असतो. पण सुरतेच्या आकड्यात आणि पाटाकडेच्या या बांधावर दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि नीरेचं भवितव्य नेमकं त्या दोन-तीन अंशांतच असतं.

मडकं बांधलं की पुढचा वेळ त्याचा नाही, घड्याळाचा. अंधार असतानाच उतरवायचं. चांगलं झाड रात्रीत दोन ते चार लिटर नीरा देतं. ती कापडातून गाळून परवाना असलेल्या सोसायटीच्या केंद्रावर जाते आणि ऑफिसला निघालेले सुरती लोक उभ्या उभ्या ग्लास रिचवतात. मुंबई-पुण्यातल्या नीरा केंद्रांवर आपण हेच करतो. आठ-नऊनंतर गिऱ्हाईक ओसरतं. उरली ती नीरा कुठं जाणार? याच प्रश्नावर माझा त्याच्याशी वाद होतो, आणि बॉयलरवाला म्हणून माझं मत ठाम आहे: चुलीशिवाय नीरेचा धंदा हा धंदा नव्हे, सट्टा आहे.

हिशेब मांडतो. साधारण दहा लिटर नीरेचा एक किलो गूळ होतो. म्हणजे नऊ लिटर पाण्याची वाफ करायची. उकळत्या पाण्याच्या एका लिटरची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात; बॉयलरच्या परीक्षेत हा आकडा झोपेतून उठवून विचारतात. त्यावर आधी रस उकळीला आणायची उष्णता. उघड्या चुलीत सरपणाची बहुतेक उष्णता बाजूनं निघून जाते, तेव्हा किलोभर गुळाला सात-आठ किलो लाकूड धरावं. मेपलवाल्याची गत याहून कठीण. चाळीस लिटर रसाचं एक लिटर सिरप, म्हणजे एकोणचाळीस लिटर वाफ! म्हणून त्यांनी डोकं चालवलं. रुंद, उथळ, तळाला घड्या पाडलेल्या कढया केल्या, म्हणजे आगीला जास्त पत्रा मिळावा. कढईत येणारा रस वाफेवर आधीच गरम करून घेतला. आता तर बरेच जण रिव्हर्स ऑस्मोसिसच्या यंत्रानं अर्ध्याहून जास्त पाणी आगीआधीच काढतात. आपल्या घरातल्या पाण्याच्या फिल्टरचंच ते तत्त्व.

चलथाणच्या सहकारी साखर कारखान्यात हेच काम बंद भांड्यांच्या ओळीत होतं. पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. ही युक्ती नॉर्बर्ट रिलियोची. गुलामगिरीच्या काळात न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला हा मिश्रवंशीय इंजिनिअर; १८४३ साली त्यानं पेटंट घेतलं. सुरतेच्या प्रत्येक बॉयलर हाउसमध्ये त्याचा फोटो असायला हवा असं मला वाटतं, पण तिथं सहसा मालकाच्या वडिलांचा असतो.

आमच्या नीरावाल्याची काहील साधी, लोखंडी. सरपण म्हणजे खजुरीच्याच उतरवलेल्या वाळक्या फांद्या, बाभूळ आणि उसाचं पाचट. पाचट भडकतं आणि विझतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात त्याच्यावर विसंबता येत नाही. आधी मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. मग फेस पिवळा होतो, बुडबुडे मोठे आणि जड व्हायला लागतात. मेपलवाला थर्मामीटर टाकून पाण्याच्या उकळीपेक्षा चार अंश वर, १०४ च्या आसपास थांबतो. तेव्हा सिरपमध्ये ६६ टक्के साखर होते. खजुरीची काकवीही साधारण तिथंच उतरवायची. गूळ हवा असेल तर अजून वर, ११५–११८ पर्यंत. नीरावाला थर्मामीटर वापरत नाही, गार पाण्यात थेंब सोडून बोटांनी गोळी होते का बघतो. मी माझं डायल थर्मामीटर घेऊन त्याच्या गोळीशी ताडून पाहिलं. दोघांचं एकमत झालं, आणि त्यानं ते यंत्र काठीनं बाजूला सारलं.

आता सट्ट्याचा मुद्दा. कॅनडातला क्युबेक प्रांत जगातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास मेपल सिरप करतो. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनं सिरपचा राखीव साठाच ठेवलाय, पिंपंच्या पिंपं. २०२१ साली हंगाम वाईट गेला तेव्हा त्यांनी साठ्यातलं सुमारे पाच कोटी पौंड सिरप बाजारात सोडलं. (या साठ्याच्या एका गोदामातून २०११–१२ मध्ये सुमारे तीन हजार टन सिरप चोरीलाही गेलं, चोरांनी पिंपात पाणी भरून ठेवलं होतं.) एकेका माणसाचा हंगाम बुडतो, पण धंदा बुडत नाही, कारण चांगल्या वर्षीची गोडी वाईट वर्षासाठी उरते. नीरा उरवता येत नाही. गूळ उरवता येतो. थंड आठवड्यात झाडं भरभरून देतात आणि नेमकं तेव्हाच केंद्रावर नीरा उरते. ती आंबण्याआधी काहिलीत पडली तर पुढच्या ढगाळ आठवड्याचा खर्च निघतो. पण त्यासाठी सूर्य उगवायच्या आत चूल पेटलेली हवी. नऊ वाजता ‘आता उरली, आटवू या’ म्हणून चालत नाही, तोवर साखर फुटायला लागलेली असते.

तो म्हणतो, काका, तुमचं बरोबर, पण काहिलीपाशी बसायचं कोणी? पोरगा जीआयडीसीत लूमवर आहे. त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

नीरेचा गूळ करा, हे मी नवीन काही सांगत नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ताडगुळाचं काम गजानन नाईकांनी हाती घेतलं. गांधीजींनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ हे पुस्तक आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहिलं, त्यात नीरेवर आणि ताडगुळावर मजकूर आहे. त्यांचा हिशेब सरळ होता: झाडं पडीक जमिनीवर उगवतात, उसासारखं पाणी आणि सुपीक शेत अडवत नाहीत, आणि रसाचा गूळ झाला की त्याची दारू होत नाही. डहाणूला खादी आयोगाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्याला गजानन नाईकांचंच नाव आहे. वसई-पालघरपासून डहाणूपर्यंत भंडारी समाजाच्या हातात हे कसब पिढ्यान् पिढ्या होतं.

आमच्या या भागात ताडीचा इतिहास जास्त कडवट. ताडीची दुकानं बरीचशी पारशी मक्तेदारांकडे आणि उधारी आदिवासींच्या डोक्यावर. १९२२–२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्यापासून डांग, खान्देश, सुरतपर्यंत ‘देवी’ची लाट आली, अंगात आलेल्या देवीनं सांगितलं, दारू-ताडी सोडा, आणि हजारो आदिवासींनी सोडली. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं ताडीच्या झाडाला परवान्याशिवाय काप घेणंच गुन्हा ठरवलं आणि १९६० नंतर तो कायदा गुजरातकडे आला. दारूबंदीच्या बाजूनं मी आहे. मिलच्या पगाराच्या रात्री मी पाहिल्या आहेत. पण त्या कायद्याच्या सावलीत खजुरीकडे गूळ देणारं झाड म्हणून बघायची सवयच गेली. शेतकऱ्याला ती बांधावरची कटकट वाटते. काकरापार धरणाच्या पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मग उसाच्या जागी प्लॉट आले. प्लॉट पाडताना आंबा वाचवायचा प्रयत्न होतो. खजुरीसाठी कोणी जेसीबी थांबवत नाही.

कोणाला नीरा प्यायची हौस असेल तर दोन गोष्टी. मडक्याचं आणि पन्हळीचं तोंड झाकलेलं आहे ना, हे विचारा. बांगलादेशात वटवाघळांनी तोंड लावलेल्या खजुरीच्या कच्च्या रसातून निपाह विषाणू माणसांत आल्याचं वारंवार दिसलंय. तिथं आता काही जण कापावर बांबूच्या चटया बांधतात. उकळलेल्या रसाला ती भीती नाही, हा चुलीच्या बाजूनं आणखी एक मुद्दा. आणि नीरा प्यायची ती उजाडताच. थंडीची लाट असली तरी दहा वाजता कोणी ‘ताजी’ म्हणून देत असेल तर ग्लास परत करा.

काकवी मिळाली तर कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावी, बाहेर पावसाळ्यात तिला बुरा येतो. आमच्याकडे ती बाजरीच्या भाकरीबरोबर तुपाची धार सोडून खातात. भाच्याची मेपलची बाटली केव्हाच संपली. यंदा त्याला इथून काय पाठवायचं ते ठरलंय, पण किती, ते जानेवारीतला वारा बघून नीरावाला सांगेल.